नसवाल्या बाबांचं मखमली आसन

भिलाईतल्या रुआबांध्याच्या मैदानात मंडप पडला होता, आणि मंडपात रोग्यांपेक्षा बघेच जास्त होते. पुढं भक्त, मागं चहावाला, आणि स्टेजखाली एक करडी मांजर. ती रोज वेळेवर यायची आणि कुणाच्याही पाया न पडता चेल्याच्या परातीवर नजर लावून बसायची.

नसवाले बाबा दोन्ही रिकामे हात गर्दीला दाखवत. "देखो भाई, ना चाकू, ना कैंची. डॉक्टर काटता है, मैं बुलाता हूँ. नस खुद चलके आती है."

आता नस स्वतःच्या पायांनी चालत येणार म्हटल्यावर कोण घरी बसेल? पालथ्या पडलेल्या रोग्याच्या कमरेखाली बाबा ओल्या कापसाचा बोळा दाबत, बोटं फिरवत, आणि लालभडक पाण्यातून एक पांढुरकी, लिबलिबीत दोरी ओढून काढत. ती सडलेली नस. चेला ती परातीत टाकी. मग रोग्याला मखमली आसनावर बसवून बाबा विचारत, "दर्द है?" रोगी जरा हलून बघे, "नाही" म्हणे आणि ढसाढसा रडे. मंडप जयजयकारानं दणाणून जाई.

शेषराव हे सगळं उभ्यानं बघत होते. बसणं हाच त्यांचा आजार होता. मालगाडीचे गार्ड म्हणून सारी नोकरी दुर्ग लाइनवर शेवटच्या डब्यात, ब्रेकव्हॅनच्या कडक बाकावर काढली आणि रिटायर झाल्यावर नेमकी बसायच्या जागी आग सुरू झाली. उभं राहिलं की बरं, टेकलं की निखारे. जागा अशी, की चारचौघांत सांगायची सोय नाही. म्हणून ते "कंबर दुखते" म्हणत. रांगेतल्या सगळ्यांचीच कंबर दुखत होती आणि सगळेच उभे होते. बाबा कुणालाच नेमकी जागा विचारत नसत, अर्धी भक्ती तर तिथंच जमली होती.

दिवाळीनंतर स्वानंदीचं लग्न होतं. एकुलती पोरगी, आणि तिच्या कन्यादानाला बाप पाटावर बसू शकणार नाही, या विचारानं शेषरावांचा घास घशाखाली उतरत नव्हता. तसेही ते ओट्याशी उभे राहूनच जेवत.

त्यांच्या दुखण्यावर घरात रोज सभा भरे. मेहुणे अच्युतराव ऑपरेशनवाले. नागपूरला जायचं, नस मोकळी करून घ्यायची, खेळ खलास. बायको तुळसाबाई व्यायामवाल्या. निशा मॅडम नावाच्या फिजिओथेरपिस्टनं शिकवलेला व्यायाम म्हणजे पोटात श्वास घ्यायचा आणि खालचे स्नायू सैल सोडायचे. यावर अच्युतराव खो खो हसत. सैल सोडणं हा व्यायाम असेल, तर सारं भिलाई पहिलवान आहे, असं त्यांचं म्हणणं.

निशा मॅडमनं भांडणच मोडीत काढलं होतं. तिनं न लाजता जागा विचारली आणि सांगितलं, की तिथं एक नस असते. बसून दाब पडला, स्नायू आखडले, की ती चिडते. आधी व्यायाम आणि बसणं कमी. त्यानं भागलं नाही, तर तपासण्या करून काही जणांना ऑपरेशन लागतंही. पण व्यायामाला महिने जाणार होते आणि सुरीची भीती वाटत होती. बाबांकडं दोन्ही नव्हतं. शेषराव गेले, पालथे पडले, नस निघाली, आसनावर बसले, आणि काय सांगू, खरंच दुखेना! कितीतरी दिवसांनी हा माणूस निवांत बसला होता. ते लहान मुलासारखे रडले.

अच्युतरावांच्या स्कूटरवर मागं बसून निघाले, आणि वाटेतलं बोरसी यायच्या आत निखारे परत पेटले. दुसऱ्या दिवशी बाबांनी निदान केलं, की नस पुन्हा उगवली, आणि उगवली ती त्या कसरतीमुळंच. व्यायाम बंद करा. शेषरावांनी केला. मग तर जिना चढतानाही कळ येऊ लागली.

"कावून सोडला व्यायाम?" तुळसाबाईंनी विचारलं. "पोरीच्या लग्नात उभेच राहान का आता?"

हे मात्र शेषरावांना लागलं. ओट्याशी भात कालवता कालवता त्यांना नोकरी आठवली. चालत्या गाडीचं ब्रेकचं प्रेशर गेलं, की गार्ड शेवटच्या डब्यापासून एकेक जोड तपासत पुढं जातो. तसंच त्यांनी आपलं दुखणं मागून पुढं तपासलं. स्कूटरवर दुखलं. त्याच्या आधी? आसनावर नव्हतं दुखत. आसनाच्या आधी नस काढली, पण तेव्हा तर पालथे पडलो होतो, बसलो कुठं होतो? मग दुखणं थांबवलं कुणी, नसेनं की आसनानं?

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बायकोला घेऊन मंडपात गेले. पहिला रोगी आडवा व्हायच्या आत सरळ स्टेजवर चढले आणि आसनावर जाऊन बसले. चेला ओरडला. शेषराव हलले नाहीत.

"बाबा," ते म्हणाले, "तुमीच म्हणता, नस उगवली. ते तर अजून आतच आहे. अन् मले दुखून नाही राहिलं."

तुळसाबाईंनी वाकून मखमल उचलली. खाली स्कूटरची ट्यूब, हवा भरून टम्म, मधोमध भोक. दुखरी जागा अधांतरी, मग दाब येणार कुठून!

"ऊर्जा का चक्र है!" बाबा म्हणाले.

तुळसाबाईंनी चक्राचा वॉल्व्ह सोडला. ऊर्जा फुसफुसत निघाली, शेषराव हळूहळू खाली आले, आणि बूड फळीला टेकताच तोंड वाकडं करून म्हणाले, "आता दुखून राहिलं."

ट्यूब वाचवायला धावलेल्या चेल्याचा पाय परातीत पडला. तिच्यात तयार ठेवलेले कापसाचे बोळे घरंगळले, आणि त्यांतल्या एका बोळ्यातून सडलेली नस डोकावली. त्या दिवशी अजून एकाही माणसाला हात लागला नव्हता! मांजरीनं वेळ घालवला नाही. नस तोंडात धरली आणि मंडपाबाहेर पसार. कोंबडीचं आतडं तिनं पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. आपणच जयजयकार करत होतो.

गर्दी हसत सुटली आणि बाबा मागच्या कनातीतून. हसू ओसरल्यावर रांगेतला एकजण शेषरावांच्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, की त्याचीही कंबर नाही, तीच जागा दुखते. शेषरावांनी त्याला निशा मॅडमचा पत्ता दिला.

लग्नाच्या दिवशी शेषराव पाटावर बसले. पाटावर मधोमध कापलेला फोमचा तुकडा होता, निशा मॅडमनंच कापून दिलेला, आणि तो त्यांनी झाकला नव्हता. व्यायाम पुन्हा सुरू होता. दुखणं पुष्कळ उतरलं होतं, गेलं नव्हतं. मध्येच ते उठत, दोन पावलं चालत, भटजींना थांबा म्हणत आणि परत बसत. पोरीचा हात त्यांनी बसूनच दिला आणि दोघंही रडली.

जेवताना अहिवाऱ्याच्या एका पाहुण्यानं विचारलं, ही गादी कोणत्या बाबांची?

"बाबाची कायची? दुकानातला फोम आहे," शेषराव म्हणाले. "अन् एक सांगू? चमत्कार दिसला, की हात मंग जोडा. पयले शेवटच्या डब्यापासून तपासत या."