बॉबिन संपेपर्यंत

ग्रुप : फोनमधला

नाव ‘घरची मंडळी’. अ‍ॅडमिन सासूबाई, कारण भाचीने तो त्यांच्याच फोनवर सुरू करून दिला होता.

“आई, घटस्फोट होऊन महिना झाला,” मुलगा म्हणाला. “आता तरी काढ तिला ग्रुपमधून. बरं दिसत नाही.”

“मला नाही जमत रे ते.”

“एक बटण तर दाबायचंय!”

“जन्मभर बटणं लावली मी. तुझं हे बटण काही सापडत नाही.”

(सापडलं होतं. त्यावर बोटही नेलं होतं. दाबलं नव्हतं.)

ग्रुप : रक्ताचा

मायलेकाचा एकच. सुनेचा वेगळा. याचा इथे काही संबंध नाही. पुढे.

ग्रुप : कामावरचा

शाळेच्या गणवेशाचा पांढरा शर्ट कारखान्यात एकीच्या हातून होत नाही. ओळीने मशीनं, ओळीने बायका; त्या ओळीला ग्रुप म्हणतात. सासूबाई कॉलर लावून शर्ट पुढे देतात, शेजारी सून त्याला बाह्या जोडते. लग्नानंतर त्यांनीच शब्द टाकून तिला इथे आणलं होतं.

आता सुनेने सुपरवायझर बाईंकडे वरच्या मजल्यावरचा ग्रुप मागून घेतला. आईंना अवघडायला नको म्हणून. आईंना विचारलं नाही, तेही त्यासाठीच.

पण इथली एक रीत आहे. मशीन सोडणारीने सुईखालची धाग्याची बॉबिन संपवून उठायचं. अर्धी बॉबिन मागे ठेवणं म्हणजे भरल्या ताटावरून उठणं.

“बॉबिन संपली की ये वर,” सुपरवायझर बाई म्हणाल्या.

ग्रुप : दोघींचा (असा असतो का?)

बॉबिन संपेना.

सून पाणी पिऊन आली, बॉबिन गच्च. डबा खाऊन आली, पुन्हा गच्च. दुसऱ्या दिवशीही तेच. धागा ताठ गुंडाळलेला, टोक दातांनी तोडलेलं. कारखान्यात कात्री असून दातांनी धागा तोडणारी बाई एकच.

“आई, ही बॉबिन संपत का नाही?”

“हल्ली धागा चांगला येतो.”

“मलाही द्या हो असला,” मागून काजं करणारी म्हणाली. “उठायलाच नको!”

सून हसली नाही. हळू आवाजात म्हणाली, “ते काय म्हणतील?”

“त्याला कॉलर लावता येते का?”

“आई…”

“तुमचं तुम्ही दोघांनी मिटवलंत. मी मध्ये बोलले? मग तुझं-माझं तू एकटीनेच कसं मिटवतेस गं?”

सुनेने बाही सुईखाली सरकवली. ती डबा खायला उठली, तरी सासूबाईंनी तिच्या बॉबिनला हात लावला नाही. सांगायचं ते सांगून झालं होतं.

दुपारी सुई नुसतीच वरखाली व्हायला लागली. टाका नाही.

दोघींनाही कळलं. सासूबाईंनी मान वर केली नाही. फक्त त्यांचं मशीन थांबलं.

“संपली का गं?” जिन्यावरून सुपरवायझर बाईंनी विचारलं.

सुनेने रिकामी बॉबिन काढली. मशीनच्या चाकाजवळच्या खिळीवर बसवली, पायडल दाबलं. ती गच्च होईपर्यंत दाबून धरलं. मग कात्री बाजूला सारून टोक दातांनी तोडलं.

“नाही हो, अजून आहे,” तिने वर ओरडून सांगितलं. आणि शेजारी हात पुढे केला.

“आई, कॉलर द्या ना. कधीची खोळंबलेय मी.”