अकरा दिवसांची पट्टी

स्टुडिओ बाबांचा, पण गेली वीस वर्षं तो ताईच चालवत होती. पासपोर्टचे फोटो, लग्नाचे अल्बम, रडक्या पोरांना हसवणं, सगळं तिच्याच गळ्यात. एवढ्या वर्षांत बाबांच्या तोंडून कधी "छान" निघालं नाही. "बरंय, पण कपाळावर उजेड जास्त झालाय," एवढंच.

आणि भावजय? रंगाच्या दुकानात कामाला. तिने कॅमेरा करायला एक रिकामा डबा आतबाहेर काळा रंगवला, सुईने भोक पाडलं, ताईकडूनच फोटोचा कागद मागून आत बसवला आणि डबा गच्चीच्या कठड्याला तारेने बांधला. सूर्य रोज कागदावर एक रेघ ओढणार. सहा महिन्यांनी डबा उघडायचा. तो बघायला बाबा गुडघे धरत रोज गच्ची चढायला लागले.

"सूनबाईचं डोकं बघ! छानच," जेवताना ते म्हणाले. ताई अर्ध्या ताटावरून उठली.

तिसऱ्या महिन्यात, गच्चीवर कपडे वाळत घालताना, ताईने डब्याच्या भोकावर काळी चिकटपट्टी लावली. अकरा दिवस ठेवली. मग तिचंच मन तिला खायला लागलं, तशी ओरबाडून काढली.

डबा उघडल्यावर कागद ताईनेच स्कॅनरवर ठेवला. पडद्यावर समोरच्या छपरांवरून सूर्याच्या कमानीच कमानी उमटल्या. चित्र देखणं होतं. तिचा आणखीच जळफळाट झाला. मधोमध मात्र काळा पट्टा.

"ढग असतील," भावजय म्हणाली.

बाबांनी चष्मा सरकवला. "ढगांनी रेघ तुटक येते. ही तर कापल्यासारखी गेलीय."

"मी बुजवलं होतं भोक," ताई म्हणाली.

"का हो ताई?"

"बाबा मला कधी छान म्हणाले नाहीत. तुला एका डब्यासाठी म्हणाले."

"तुला काय सांगायचं? तुला येतंच की," बाबा पुटपुटले आणि चष्मा पुसत बसले. तेवढ्याने ताईचं काही भागलं नाही.

भावजय चार दिवस तिच्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी स्टुडिओत आली. "कागद द्या. या वेळी डबा माहेरच्या गच्चीवर बांधणारे."

ताईने कागद दिला. पोटात दुखायचं थांबलं नव्हतंच.

"भोकाच्या कडा घासून घे," ती म्हणाली. "रेघा बारीक येतील."

"आधी का नाही सांगितलंत?"

"आधी सांगायचं नव्हतं."