सासूची साक्ष

सासू-सुनेचं पहिल्या दिवसापासून विळ्या-भोपळ्याचं सख्य. सून फटकळ, सासू खवचट. त्यामुळे सून वेगळी राहायला गेल्यावर नवऱ्याने लेकीला शनिवार-रविवार घरी नेण्याची परवानगी कोर्टात मागितली, तेव्हा त्याच्या वकिलाला सासूची काही धास्ती नव्हती.

"आजी, इतकंच सांगायचं," वकिलाने पढवलं. "नात आली की मी घरात असते, माझी नजर असते."

"आणि भलतंसलतं बरळू नकोस," मुलगा म्हणाला. त्याने दंड धरून आईला जिना चढवला. बघणाऱ्याला वाटावं, केवढी माया! बोटं मात्र मांसात रुतत होती.

कोर्टातल्या समुपदेशक बाईंच्या खोलीत तिघं बसली. पाच वर्षांची बबडी शेजारच्या खोलीत चित्र रंगवत होती.

"मला मारलं ते पोलिसांत लिहिलेलंच आहे," सून म्हणाली. "आणि मागच्या खेपेला याच्या घरी जाऊन आल्यापासून पोरगी काचेचं दार लावलं की किंचाळते. काय झालं ते सांगत नाही."

"तूच पढवतेस तिला!" मुलगा म्हणाला. "मी बोट तरी लावलंय का पोरीला? आई असते ना घरी."

बाई सासूकडे वळल्या. "हे चिडले तर तुम्ही काय करता, आजी?"

हे काही वकिलाने शिकवलं नव्हतं. मुलाने टेबलाखाली तिच्या पायावर बूट ठेवला आणि दाबला. तिने पाय ओढून घेतला.

"काही करू शकत नाही," ती म्हणाली. "दूध सांडलं म्हणून याने पोरीला बाल्कनीत कोंडलं. ती काचेवर थापा मारत होती. मी कडी काढायला गेले, तर मला ढकललं. शिलाई मशीनवर आपटले मी. कसली नजर ठेवू? त्या घरात मला कोण भीक घालतंय?"

"हिने फितवलं तुला!" मुलगा ताडकन उठला.

"ही मला फितवणार? हिचं तोंड बघवत नाही मला. पण पोरीला याच्या हाती देऊ नका."

"घरी ये तू. मग दाखवतो."

बाईंनी बेल दाबून शिपायाला बोलावलं आणि मुलाला बाहेर काढायला लावलं. मग सासूला विचारलं, "राहायला दुसरी जागा आहे?"

"बहीण आहे."

बाहेर सुनेने तिला गाठलं. "आभार मानू म्हणता?"

"मानू नकोस."

"मी मार खात होते, तेव्हा टीव्हीचा आवाज वाढवायचात तुम्ही."

सासूला तोंड वर करवलं नाही. तेवढ्यात बबडी आली आणि आजी दिसताच आईच्या मागे दडली.

"त्या घरी नाही जायचं," ती म्हणाली.

"नको जाऊस," सासू म्हणाली.

पुढच्या तारखेला हुकूम निघाला. बाप-लेकीची भेट फक्त कोर्टाच्या खोलीत, कर्मचाऱ्यासमोर. बाप एकदाच आला आणि खुर्ची लाथाडून निघून गेला. सासू बहिणीकडेच राहिली. मुलाने तिचे कपडे जिन्यात फेकले होते, ते बहिणीने गोळा करून आणले. सुनेचा फोन कधी आला नाही, आणि सासूनेही केला नाही.