नदीला उतार आहे

मी एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत सहलींवर लिहितो. दर आठवड्याला एक ठिकाण. त्यातल्या निम्म्या ठिकाणी मी पाऊलही ठेवलेलं नाही. चार फोन करायचे, दोन फोटो मागवायचे आणि ‘पहाटेचं धुकं अंगावर घेत आम्ही चालू लागलो’ असं पंख्याखाली बसून ठोकून द्यायचं. घरात हे कुणाला ठाऊक नव्हतं. वहिनीला तर मी मोठा भटक्या वाटायचो.

त्यामुळे जिच्यावर मी एकदा लिहिलं होतं त्या नदीवर जायचं दादा-वहिनीने ठरवलं तेव्हा वाटाड्या मीच ठरलो. ‘भाऊजी दोन वर्षांपूर्वी जाऊन आलेत,’ असं वहिनीने शेजारीपाजारी सांगूनही टाकलं होतं. आता नाही कुठल्या तोंडाने म्हणणार?

बसमधून उतरलो आणि पहिल्याच फाट्यावर दादाने विचारलं, “डावीकडे की उजवीकडे?”

मी डावीकडे म्हणालो. अर्धा तास चालल्यावर वाट एका वीटभट्टीत जाऊन संपली.

“ही नवीन झालेली दिसतेय,” मी म्हणालो.

“नवीन कसली, भिंतीवर झाड उगवलंय,” दादा म्हणाला. वहिनीने त्यालाच दटावलं. दोन वर्षांत माणूस वाट विसरतो, म्हणाली.

नदी मात्र खरोखरच देखणी निघाली. दोन्ही बाजूंना उभे कडे, मध्ये हिरवं संथ पाणी, पलीकडे चढायला बोलावणारा डोंगर. मी लिहिलं होतं त्याहून कितीतरी चांगली, आणि त्याचाही मला रागच आला. काठावर दोन बांबू रोवून दोर बांधला होता आणि दोराला पत्र्याची पाटी टांगली होती. वहिनीने ती मोठ्याने वाचली. “पेपरात लिहिलेले चूक आहे. इथून चालत पलीकडे जाऊ नये.”

“आपला पेपर नाही ना हो हा, भाऊजी?” ती हसत म्हणाली.

“छे,” मी म्हणालो. माझे कान तापले. ‘येथे नदीला उतार आहे, गुडघाभर पाण्यातून मुलाबाळांसह पलीकडे जाता येते.’ वाक्य माझंच होतं.

पलीकडे न्यायला नाव होती. वल्ही एका बाईच्या हातात होती आणि तिचा नवरा, मूळचा नावाडी, उजवा हात पोटाशी धरून समोर बसला होता. दादाने सहज पाटीचं विचारलं.

“चूक माझीच आहे, साहेब,” नावाडी म्हणाला. “पेपरवाल्यांचा फोन आला होता. मी म्हणालो, तिथे उतार आहे. म्हणजे काय, तर पाण्याखाली एकदम घसरण आहे, चार पावलांत माणूस बुडेल. त्यांना वाटलं, चालत जाण्याजोगा उतार. एक शाळामास्तर दोन मुलींना घेऊन शिरले पाण्यात. तिघांनाही काढलं मी. खांदा तेवढा कामातून गेला.”

“आणि पेपरवाले?”

“मास्तरांनी पत्र लिहिलं ना त्यांना. उत्तर आलं, स्थानिक नावाड्यानेच तशी माहिती दिली होती. खोटं काय आहे त्यात? मी नीट सांगितलं नाही.”

“एवढंच म्हणाला नसाल तुम्ही,” बायको वल्ही मारत म्हणाली. “मी अंगणात निघाले तरी मला सांभाळून जा म्हणता.”

“नसेन म्हणालो. म्हणालो असतो तर त्यांनी लिहिलं नसतं का?”

ते उत्तर मी टाइप केलं होतं. संपादकांनी खुलासा मागितला तेव्हा मी सरळ हात वर केले आणि ज्याचं तोंडही पाहिलं नव्हतं त्या माणसाच्या माथी खापर फोडलं. त्यानंतर कँटीनमध्ये जाऊन चहा प्यायलो. त्या वेळी फोनवरचं टिपण समोरच होतं, माझ्याच अक्षरात: ‘उतार आहे, सांभाळून.’ सांभाळून सगळेच म्हणतात, म्हणून तो शब्द मी गाळला होता. ‘मुलाबाळांसह’ मात्र वाक्य भरीव वाटावं म्हणून पदरचं घातलं होतं.

गप्प बसलो असतो तर पाच मिनिटांत पलीकडचा काठ आला असता. वहिनी समोर बसून पाण्यात बोटं बुडवत होती. मला माझी इतकी लाज वाटली की अंग चोरून बसायलाही जागा पुरेना.

“म्हणाला होतात तुम्ही,” मी म्हणालो. “सांभाळून म्हणाला होतात. फोन मीच केला होता. शब्द मी गाळला. ते उत्तरही मीच लिहिलं.” मग वहिनीकडे न बघता म्हणालो, “मी इथे कधी आलोच नव्हतो.”

वल्ही थांबली. नाव प्रवाहात जराशी आडवी झाली. आता शिव्या पडणार, असं वाटलं. पडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“ऐकलंस?” नावाडी बायकोला म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. “म्हणालो होतो मी.” मग माझ्याकडे वळला. “बरं झालं साहेब, तुम्ही आलात. दोन वर्षं मास्तर समोरून दिसले की मी वाट बदलतो. फार उपकार झाले तुमचे.”

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

त्याच्या बायकोने पुन्हा वल्ही उचलली आणि नाव काठाला लावली. वहिनीला तिने हात देऊन उतरवलं, मग दादाला. मी उठलो तेव्हा ती माझ्याकडे पाठ करून दोर बांधत होती. वहिनी वाटेला लागली होती, तिनेही वळून पाहिलं नाही. नावाड्याने तेवढा आपला धड असलेला डावा हात पुढे केला. तो धरायची माझी हिंमत झाली नाही.