प्रवेशपत्रावरचा चेहरा

मित्रांनो, ही गोष्ट एकोणीसशे एकाहत्तर सालची. मी एक जुना ब्रश आहे, फोटो स्टुडिओतला. खारीच्या शेपटीच्या चार केसांचा माझा जीव! फोटोवाले काका मला ओठांत धरून टोकदार करायचे, राखाडी रंगात बुडवायचे आणि फोटोवर बारीक ठिपके देत बसायचे. देवीचे व्रण, गालावरचे वांग, सगळं मी बुजवलं. लोक म्हणायचे, "काका, हातात जादू आहे तुमच्या!" मी मात्र पुन्हा डबीत.

एकदा एक मुलगी वडिलांबरोबर आली. नर्सिंगच्या परीक्षेसाठी तिला फोटो हवा होता. तिच्या ओठांभोवती कोडाचे पांढरे डाग होते. कातडीला रंग देणाऱ्या पेशी तिथं उरल्या नव्हत्या, एवढंच. तो रोग शिवल्यानं होत नाही आणि कुणाच्या पापानंही होत नाही. पण फोटो काढून ती बाहेर पडताच वडील कुजबुजले, "तेवढं बुजवा हो. पोरीची जात आहे."

"काळजीच सोडा," काका म्हणाले.

तिला कुणी विचारलं? मला कुणी विचारलं? वडिलांनीच फोटो नेला, अर्जाला चिकटवला. तोच फोटो लावलेलं प्रवेशपत्र तिच्या हाती पडलं ते थेट परीक्षेच्या सकाळी.

ती धापा टाकत दुकानात आली. "दारावरच्या बाई आत सोडत नाहीत! म्हणतात, दुसरीच्या नावावर बसायला आलीस का?"

"अगं, किती छान दिसतेयस बघ त्यात!"

"छान दिसतेय ती कोण आहे, काका?"

तिनं ओला कापूस घेतला आणि प्रवेशपत्रावरच्या फोटोतले माझे सगळे ठिपके पुसून काढले. खालून तिचा खरा चेहरा वर आला. मग ती धावत सुटली.

बाईंनी आत सोडलं, पण निम्मा वेळ गेला होता. हुशार मुलगी त्या वर्षी नापास झाली. आठवलं की आजही माझे केस ताठ होतात!

पुढच्या वर्षी ती पास झाली आणि मोठ्या दवाखान्यात नर्स म्हणून निवृत्त झाली. काका गेले, दुकानही गेलं. वडिलांनी तिची माफी कधीच मागितली नाही. उलट माझे ठिपके तसेच असलेला तिचा दुसरा फोटो चौकटीत घालून भिंतीवर लावला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं दाखवत राहिले.

मित्रांनो, कातडीवर डाग दिसला तर डॉक्टरांकडे जा. दुसऱ्याच्या अंगावर दिसला तर नाक मुरडू नका आणि शेजारून उठू नका. आणि रंगाची डबी घेऊन कुणाच्या मदतीला तर अजिबात धावू नका. चेहरा ज्याचा, त्याला आधी विचारा.