चाळीस मिनिटांचे ओट्स

चूक माझीच होती, हे आधीच सांगून टाकते. डॉक्टरांनी बाबांना सकाळच्या गोळीआधी ओट्स खायला सांगितले होते. म्हणजे ते चपटे, तीन मिनिटांत शिजणारे. मी फोनवरून मागवले आणि बाबांच्या दारात जाऊन पडली ती स्टील कट ओट्सची दोन किलोंची पिशवी. चित्र तर सारखंच होतं. वाटी, चमचा, वर दोन फळं. मी कपडे दुरुस्त करून देणारी बाई. कापडाचा पोत डोळे मिटूनही सांगेन, पण फोनच्या काचेवर बोट फिरवून धान्याचा पोत कळायची सोय अजून कुणी काढलेली नाही.

बाबांनी डॉक्टरांच्या कागदाबरहुकूम तीन मिनिटं शिजवले आणि चौथ्या मिनिटाला मला फोन लावला.

"हे काय पाठवलंयस?"

"ओट्स."

"खडी आहे ही. दाताखाली वाजतेय."

"अहो, नीट शिजवा ना."

"घड्याळ लावून शिजवलंय. पिशवीवर स्टील लिहिलेलं बघितलं तेव्हाच मला शंका यायला हवी होती."

बाबा माझ्याशी फोनवर एका दमात इतकं बोलले, ही त्या दिवसाची मोठी बातमी. सदतीस वर्षं ते एका कारखान्यात बॉयलरवर होते. घरातला फोन वाजायचा तो तिकडे काहीतरी बिघडलं म्हणून. फोनवर गप्पाही मारतात, हे त्यांना कधी पटलंच नाही. आई होती तोवर निभावलं. मी फोन केला की ते "थांब, आईला देतो" म्हणायचे, आणि आमच्या दोघींचं चालायचं तासभर. आई गेल्या वर्षी गेली. त्यानंतर ते फोन उचलायचे, "मी ठीक आहे" म्हणायचे, आणि पुढे फोन द्यायला कुणी नसल्यामुळे ठेवून द्यायचे.

बरं, माझ्या बाजूला तरी कुठे गर्दी होती! नवऱ्याची चौदा वर्षांपूर्वी दुसऱ्या गावी बदली झाली आणि तो कायमचा बदलला. मूलबाळ नाही. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत मी. दिवसभर माणसं येतात, नाही असं नाही, पण ती आपापल्या कंबरेविषयी बोलतात. "इथे जरा सैल करा." "इथून जरा आत घ्या." संध्याकाळी शटर ओढलं की माझ्या आवाजाला दुसऱ्या दिवशी नऊपर्यंत सुट्टी.

पिशवी परत पाठवायची तर बाबा एकटे तो खटाटोप कसे करणार? म्हणून मी चौकशी केली. हे दाणे चपटे केलेले नसतात, नुसते पात्यांनी तोडलेले असतात, म्हणून त्यांना वेळ लागतो एवढं कळलं. दुसऱ्या दिवशी पावणेसातला मीच फोन लावला.

"अर्धी वाटी ओट्स घ्या. कोरडेच परता, खरपूस वास सुटेपर्यंत."

"सुटला."

"आता दोन वाट्या पाणी आणि चिमूटभर मीठ. उकळी आली की आच बारीक करा. आणि हलवत राहा."

"किती वेळ?"

"चाळीस मिनिटं."

"फोन ठेवू मग?"

"नको. खाली लागलं तर? फोन तिथेच उभा करा."

त्यांनी फोन मिठाच्या बरणीला टेकवला. पहिल्या दिवशी चाळीस मिनिटांत आम्ही फार तर वीस शब्द बोललो असू, त्यातले निम्मे "हलवताय ना?" आणि "हलवतोय." पण पातेल्याच्या कडेला चमचा घासल्याचा आवाज येत राहिला. मी मागच्या खोलीत चहाचा कप धरून बसले होते. कुणीतरी घरात आहे आणि स्वयंपाकघरात काही करतंय, असा तो आवाज. कपातला चहा गार झाला तरी मी उठले नाही.

चौथ्या दिवशी बाबा आपणहून बोलले.

"तुझ्या आईने मला पहिल्यांदा बघितलं, तेव्हा मला भुवया नव्हत्या."

"काय?"

"भट्टीचं दार उघडलं आणि झळ आली. दोन्ही साफ. आठवड्याने मुलगी बघायला जायचं होतं. माझी आई म्हणाली, कोळशाने काढू. काढल्या. घाम आला आणि ओघळल्या."

"मग आई काय म्हणाली?"

"हसली. इतकी हसली की तिला आत न्यावं लागलं. मी म्हटलं, हिच्याशीच करायचं." चमचा एक फेरी फिरला. "घट्ट व्हायला लागलंय, सुपरवायझर. पाणी घालू?"

तेव्हापासून मी सुपरवायझर. "काय सुपरवायझर, आज उशीर?" "सुपरवायझर, आज दूध घालून बघू का शेवटी?" मी बावन्न वर्षांची. इतक्या वर्षांत वडिलांनी माझी पहिल्यांदा थट्टा केली, ती एका पातेल्यापायी.

दुसऱ्या आठवड्यात माझ्याकडे एक वसतिगृहात स्वयंपाक करणारी बाई ॲप्रनच्या नाड्या लावून घ्यायला आली. बोलता बोलता मी ओट्सचं काढलं. ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जशी मी शर्टाला सुतळीने बटण लावणाऱ्याकडे बघेन.

"चाळीस मिनिटं? रोज? अहो, थर्मास नाही का घरात? रात्री ओट्स थर्मासमध्ये टाकायचे, वर उकळतं पाणी, झाकण घट्ट. सकाळी उघडा, तयार. नाहीतर पातेल्यात एक उकळी आणून गॅस बंद करायचा, झाकून ठेवायचं, सकाळी नुसतं गरम करायचं. कुकरलाही होतात. मी तर एकदम चार दिवसांचे करते, फ्रिजमध्ये डब्यात ठेवते. चमचाभर दूध घातलं की मोकळे होतात. हलवत कोण बसतंय!"

मी तिला "बरं झालं सांगितलंत" म्हटलं, नाड्या दुहेरी शिवून दिल्या आणि दुसऱ्या दिवशी पावणेसातला बाबांना सांगितलं, "बारीक आच. हलवत राहा."

यात मी विसरले वगैरे काही नव्हतं. थर्मास शब्द माझ्या जिभेवर आला होता आणि मी तो गिळला. मनाशी म्हटलं, म्हाताऱ्या माणसाला तेवढाच चाळा. पिशवीत अजून महिन्याभराचे ओट्स होते. ती संपली की चपटे येतील, मग तीन मिनिटं आणि "ठेवतो". तोवर तरी चालू दे. मी कुणाचं काही चोरत नाहीये, असं मी स्वतःला रोज सांगायचे, आणि जे रोज सांगावं लागतं त्यात काय तथ्य असतं ते मलाही कळत होतं.

असे आणखी अठरा दिवस गेले. त्यात मला कळलं, की बाबांना अंधारी खोली आवडत नाही. की मी जन्मले तेव्हा ते रात्रपाळीला होते आणि निरोप्यावर विश्वास न बसल्यामुळे त्यांनी त्याला पुन्हा पाठवलं होतं, नीट बघून ये म्हणून. की आईची चप्पल अजून दाराशीच आहे. "उचलून ठेवायला हरकत नाही," ते म्हणाले, "पण कुठे ठेवायची ते ठरत नाही."

एकोणिसाव्या दिवशी दुपारी दुकानात फोन आला. बाबांच्या खालच्या मजल्यावर एक नर्सबाई राहतात. बाबांना मागे रिकाम्या पोटी गोळी घेऊन जिन्यात चक्कर आली होती, तेव्हा त्यांनीच सावरलं होतं.

"घाबरू नका," त्या म्हणाल्या. असं म्हटलं की माणूस घाबरतोच. "गुडघा सुजलाय त्यांचा. चांगला टरारून. मी विचारलं, उभं राहण्याचं काही काम करता का? म्हणाले, सकाळी चाळीस-पन्नास मिनिटं."

"उभं? ते स्टूल घेऊन बसत नाहीत?"

"मी तेच म्हटलं. काका, ओट्यापाशी स्टूल घ्या की. तर म्हणतात, आग चालू असताना बॉयलरवाला बसत नाही. नियम आहे." नर्सबाई हसल्या. "तुम्ही समजावा बाई. मुलीने हलवत राहायला सांगितलंय, एवढंच पालुपद."

मला हे माहीत असायला हवं होतं. लहानपणी मी कारखान्यात डबा द्यायला जायचे, तेव्हा त्यांना कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. डबासुद्धा उभ्याने, भट्टीच्या दाराकडे तोंड करून खायचे. आणि मी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला रोज चाळीस मिनिटं आगीपुढे उभं केलं होतं, मला चमच्याचा आवाज ऐकायला मिळावा म्हणून.

त्या दुपारी मी एका पँटचा एकच पाय दोनदा आखूड केला.

दुसऱ्या दिवशी पावणेसातला त्यांनी फोन उचलला. "बोला सुपरवायझर. परतायला घेतो."

"बाबा, गॅस लावू नका. आधी बसा."

"का?"

"बसा म्हणते ना."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी थर्मासचं सांगितलं. रात्री उकळतं पाणी, झाकण घट्ट, सकाळी तयार. हलवायचं नाही, उभं राहायचं नाही. ते ऐकत होते. मध्ये फक्त एकदा विचारलं, "पाणी किती?" मी सांगितलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "उष्णता बाहेर गेली नाही की काम होतंच." मग म्हणाले, "हे तुला आज कळलं?"

"हो" म्हटलं असतं तर संपलं असतं. काल कळलं म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"नाही. तीन आठवडे होत आले."

"मग सांगितलं नाहीस?"

"तुम्ही फोन ठेवला असता."

पलीकडे खुर्ची पुन्हा सरकली.

"गुडघा दुखत होता," बाबा म्हणाले. रागाने नव्हे, नोंद करावी तसं. आणि फोन ठेवला.

पुढचे दहा दिवस त्यांचाच फोन यायचा, सात वाजून पाच मिनिटांनी, न चुकता. "झालं. शिजलंय. गोळी घेतो. ठेवतो." कारखान्यातला पाळीचा अहवाल याहून लांब असायचा म्हणे. सुपरवायझर हा शब्द कुठेच नाही. मी "गुडघा कसाय?" विचारलं की "उतरतोय." नर्सबाईंना विचारलं तर त्याही म्हणाल्या, उतरतोय, छान उतरतोय. मला आनंद झाला. खरंच झाला. फक्त त्यानंतरच्या चाळीस मिनिटांचं काय करायचं, ते समजेना. एकदा दोऱ्यांची सगळी रिळं रंगांप्रमाणे लावली. एकदा दुकान आठलाच उघडून बसले, तर समोरच्या रस्त्याने माणसं जात राहिली आणि कुणाची कंबर सैल नव्हती. एकदा स्वतःसाठी तेच ओट्स आणून चाळीस मिनिटं हलवत शिजवले. चांगले लागतात, दाणेदार, चावायला काहीतरी हवं असेल तर. पण खाऊन झाल्यावर पातेलं घासताना माझं मलाच हसू आलं आणि मग ते हसू काही नीट राहिलं नाही.

अकराव्या दिवशी सात पाचला मी फोन घेतला तेव्हा मशीनवर होते. उशांच्या अभ्र्यांची मोठी ऑर्डर होती, पाय चालूच ठेवला.

"झालं," बाबा म्हणाले. "शिजलंय."

"बरं."

"गोळी घेतो खाऊन."

"बरं, बाबा."

आता "ठेवतो" यायचं होतं. आलं नाही. खुर्ची सरकली. थर्मासचं झाकण फिरलं. वाटीत काहीतरी पडल्याचा मऊ आवाज, मग चमचा. बाबा खात होते. बोलत काहीच नव्हते, नुसते खात होते, आणि फोन त्यांच्यापाशी कुठेतरी उघडा होता. मी श्वासही जपून घेत होते, आणि मशीन थांबवायची हिंमत होत नव्हती, थांबवली तर काहीतरी विचारतील आणि मग ठेवतील म्हणून.

"ते काय वाजतंय?" मध्येच त्यांनी विचारलं.

"मशीन. बंद करू?"

"नको. चालव." मी चालवली. ते ऐकत होते. घास गिळल्याचं मला कळलं. "पट्टा सैल आहे तुझा."

"फोनवरून कळतं?"

"सदतीस वर्षं कानावर काढली. सैल आहे. मोठं चाक आणि पट्टा, मध्ये घसरतंय."

"मग घट्ट करते आत्ता. दोन मिनिटांचं तर काम."

"हात लावू नको!" ते एकदम म्हणाले. मग खाकरले. "दोन मिनिटांचं काम नसतं ते. घाईने ओढलं की तुटतो. रोज थोडा थोडा घ्यावा लागतो. मी सांगतो तसं. उद्यापासून बघू, पावणेसातला."

"किती दिवस लागतील?"

"ते आताच कसं सांगू? आवाज ऐकत ऐकत जावं लागेल." चमचा पुन्हा वाटीत फिरला. "आधी बोटाने दाबून बघ. सैल आहे ना?"

तो पट्टा मी मागच्याच महिन्यात नवा घातला होता. मी वाकले आणि मधोमध बोट ठेवून दाबलं. जेवढा दबायला हवा, बरोबर तेवढाच दबला.

"आहे बाबा," मी म्हटलं. "चांगलाच सैल आहे."