मेटल वाजवणारे पाहिजेत

मोहाची फुलं गळायच्या दिवसांत सालेकशाकडच्या गावांवर एक गोड, जडसर वास पसरतो आणि माणूस जागा असूनही थोडा झोपेतच चालतो. योगेश्वरी पटले तर वर्षभर तशीच चालत होती. मावसभावाने टाकून दिलेली इलेक्ट्रिक गिटार, तिचा आवाज मोठा करणारा स्पीकरचा डबा आणि मोबाइल, एवढेच तिचे गुरू. तिला मेटल वाजवायचं होतं. छातीत दगड गडगडावेत तसं ते संगीत. डोळे मिटले की तिला एक मोठी गुहा दिसायची, तिच्या आजूबाजूला आणखी कुणीतरी वाजवत असायचं. चेहरे मात्र दिसायचे नाहीत. डोळे उघडले की गोदामातली धानाची पोती.

झोक्यावर एकट्याने बसता येतं, पण मागून कुणाचा हात लागला की झोका वेगळाच जातो. तो हात तिला हवा होता. या रविवारी कुणी आलं नाही तर गिटार मावशीकडे परत पाठवायची, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

म्हणून तिने चहाच्या टपरीवर कागद चिकटवला, गावाच्या ग्रुपवरही टाकलं: ‘मेटल बँडसाठी वाजवणारे पाहिजेत. रविवारी सकाळी पटलेंच्या गोदामात या.’

पहिला फोन भंगारवाल्या भैय्यालालचा. “मेटल कितना है, मॅडम? तांबा के पीतल?”

“विकायचं नाही, भैय्या. वाजवायचंय.”

“बजा के तो हम भी देखते हैं. असली पीतल आवाज से पता चल जाता.”

तिची आई शामकला चुलीपुढे हसत सुटली. “लिवलंस तसंच फोन येतीन ना, बाई!”

रविवारी ऊन गोदामाच्या उंबऱ्याशी येऊन बसलं, पण माणूस काही आला नाही. योगेश्वरी गिटारीवर खोळ चढवत होती, तेवढ्यात दारात सायकल टेकवल्याचा आवाज झाला. पलीकडच्या टोलीच्या वस्तीवरचा म्हातारा उदाराम. दंडारीत, म्हणजे दिवाळीनंतर रात्रभर चालणाऱ्या गावच्या नाटकात, त्याने उभा जन्म झांज वाजवली होती.

“मेटलवाली तूच का वो?”

“हो काकाजी. पण तुम्ही…?”

त्याने दुपट्ट्याची गाठ सोडली. आत दोन झांजा, वापरून वापरून कडा झिजलेल्या. “अस्सल काशाच्या हायेत. याच्याहून पक्का मेटल कोणता, सांग?”

योगेश्वरीला हसावं की रडावं कळेना. मेटल हे संगीताचं नाव आहे, त्यात गिटारी गरजतात, ड्रम असतात, असं तिने हळूहळू समजावलं. म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं.

“मंग झांज काऊन नाही चालत?”

“चालत नाही असं नाही…”

“मंग वाजव. आलो तं ऐकून जातो.”

तिने वाजवलं. बाहेरच्या कोंबड्या पळाल्या. उदारामने कानावर हात नेला नाही. डोळे मिटून तो पोत्यावर बसून राहिला. मग एकदम म्हणाला, “थांब, थांब. कायले पळून राहिलीस? कुत्रं मागं लागलं का?”

“मी पळते?”

“सुरुवातीले चालत होतीस, मंग धावली. एकट्याले कळत नाही ते. संगत असली का कळते.”

त्याने झांज धरली. दोघं एकत्र वाजवत निघाले आणि लगेच विस्कटले.

“आता तुम्ही मागे राहून राहिले, काकाजी!”

“बुढा हाय ना, बाई. थोडी थांब माझ्यासाठी.”

ती थांबली. तो थोडा पुढे सरकला. पुन्हा विस्कटलं, पुन्हा धरलं. आणि मग केव्हातरी काशाचा तो लांब झंकार गिटारीच्या गुरगुरण्यात पाण्यात पाणी मिसळावं तसा मिसळला.

उदाराम डब्याकडे पाहत राहिला. “याचा आवाज अजून वाढते का?”

“खूप वाढते. पण लोक ओरडतात.”

“ओरडू दे. चल, बिसरामकडे जाऊ. ढोलवाला हाय माझा. कान गेले तवापासून कोणातच बसत नाही, ताल चुकते म्हणते. लोक म्हणतात बिसराम बहिरा झाला. मी म्हणतो, आमचाच आवाज लहान पडला.”

डबा सायकलच्या कॅरियरवर बांधून, गिटार तिच्या पाठीला अडकवून दोघं निघाले. अंगणात पाटावर बसलेला बिसराम त्यांना पाहून मोठ्याने म्हणाला, “काय आणलं रे? फ्रीज?”

उदारामने डबा पाटाला टेकवला आणि बिसरामचा तळवा त्यावर ठेवला. योगेश्वरीने घरातल्या बोर्डाला वायर लावली, आवाज वाढवला आणि तार छेडली. बिसरामचा हात दचकला, पण उचलला गेला नाही. पाटाच्या फळीतून, मांड्यांतून, बरगड्यांतून तो आवाज त्याच्यात चढत गेला असावा. कारण त्याचा चेहरा लहान मुलासारखा होत गेला.

“अजून!” तो म्हणाला.

तिने वाढवला. शेजारचे कुंपणाशी जमले. उदारामने खुंटीवरचा ढोल काढून, धूळ झटकून दोस्ताच्या मांडीवर ठेवला. बिसरामने डोळे मिटले, एक पाय डब्याला लावला आणि ढोलावर काठी टाकली.

ढोल, झांज, गिटार. ऊन, मोहाचा वास, कुंपणाशी उभी माणसं, सगळंच जरा जमिनीवरून उचलल्यासारखं झालं.

तेवढ्यात वीज गेली. डबा मुका झाला. बिसरामला त्याचा पत्ताच नव्हता. त्याच्या अंगात ढोलच घुमत होता. हात थांबवावा की काय, योगेश्वरीला सुचेना. उदारामने मानेने ‘चालू ठेव’ अशी खूण केली. ती वाजवत राहिली. तारांचा आवाज फक्त तिच्या बोटांनाच कळत होता. बिसरामच्या काठीवर नजर ठेवून ती त्याच्या पावलाने चालत राहिली, ना पुढे, ना मागे.

वीज आली, डबा गरजला. तेव्हा ती अगदी समेवर होती.